मडकं फुटलं तरी चालेल, पण ते कुठं होतं ती खूण मिटवू नका

प्रति,
मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. शिक्षण बारावी. आयुष्य सगळं मागावरच्या जेकॉर्ड यंत्राची कार्डं पाडण्यात गेलं, म्हणजे चादरीवर जी नक्षी येते तिचा आधी ग्राफ काढायचा आणि मग त्या ग्राफप्रमाणे पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची, हे काम मी 31 वर्षं केलं. जुन्या वस्तूंचा नाद लागला तो धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या म्युझियममुळं, त्यानंतर जिथं मिळेल तिथून वाचत गेलो, कोण अभ्यासक भेटले की त्यांना प्रश्न विचारून भंडावून सोडलं. हे आधीच सांगतो कारण मी काय प्राध्यापक नाही, पण जमिनीत सापडणाऱ्या जुन्या वस्तूंच्या जागेबद्दल खाली जे लिहितोय ते मनापासून लिहितोय आणि तुमच्या पेपरात छापून यावं असं फार वाटतंय.

झालं असं की दिवाळीनंतर मेव्हण्यांच्या गावाला गेलो होतो, नदीकाठचं गाव आहे, गावाचं नाव देत नाही कारण कुणाला दोष द्यायचा नाही. गावाच्या कडेला जुनी पांढर आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पांढर म्हणजे जिथं माणसं शेकडो वर्षं राहून गेली, घरं पडली, परत त्यावर घरं बांधली, चुलीची राख, शेण, हाडं सगळं मिसळून माती पांढुरकी झाली आणि तिचं टेकाड झालं ती जागा. ही माती पिकाला चांगली म्हणून आपल्याकडं पूर्वीपासून शेतकरी नेतात, पूर्वी बैलगाडीनं न्यायचे, आता जेसीबी आणि ट्रॉली. मी गेलो तेव्हा निम्मं टेकाड ऊसात पसरून झालं होतं. जेसीबीवरचा पोरगा चांगला होता, पाणी प्यायला बसला होता, मला बघून म्हणाला, "काका, काल दोन मडकी निघाली होती की, आडवी, तोंडाला तोंड लावून ठेवल्यासारखी. उघडून बघितलं, आत काय नव्हतं ओ, मातीच होती. म्हणून बकेटनं बाजूला सारली."

संपादक साहेब, मी तिथंच मटकन खाली बसलो. आत मातीच होती हे त्यानं ज्या सहजपणे सांगितलं ना, ते माझ्या अजून डोक्यातून जात नाही. त्याची चूक नाही, त्याला कोणी सांगितलंच नाही. का बसलो ते सांगतो.

पुणे जिल्ह्यात घोड नदीवर इनामगाव आहे. तिथं डेक्कन कॉलेजच्या लोकांनी, म्हणजे ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर, झै. दा. अन्सारी या मंडळींनी 1968 ते 1983 अशी वर्षानुवर्षं खणून इ. स. पू. 1600 ते 700 या काळातलं एक अख्खं खेडं बाहेर काढलं. त्यात त्यांना घरांच्या जमिनीखाली खड्डे सापडले आणि खड्ड्यात दोन दोन मडकी, आडवी, तोंडाला तोंड लावून. आत लहान लेकरांची हाडं. लेकराची हाडं म्हणजे किती बारीक असतील विचार करा, तीन हजार वर्षांत मातीत मिसळून मातीच होणार ती. तीसुद्धा ब्रशनं माती काढत काढत बघायची असतात. आता मेव्हण्यांच्या गावातल्या त्या मडक्यांत काय होतं हे देवाला ठाऊक, खापरं गोळा करून मी एका पोत्यात भरून आणलीत, पण ती कोणत्या थरात होती, कोणत्या दिशेला तोंड होतं, वर कुणाच्या घराची जमीन होती का, शेजारी चूल होती का, हे सगळं ऊसात पसरलं गेलं. ते आता परत मिळणार नाही.

आणि नेमकं त्यातच सगळं असतं, हे मला तुमच्या वाचकांना सांगायचंय. मडकं तुम्हाला फार तर कुंभार कसा होता ते सांगेल. पण मेलेलं लेकरू गावाबाहेर न नेता आपण जिथं जेवतो, झोपतो, त्या जमिनीखालीच ठेवावं असं त्या आईबापाला वाटलं हे कळतं ते मडक्याच्या जागेवरून! लिहिता न येणाऱ्या माणसांनी मागं एक ओळ ठेवलेली नाही, तरी तीन हजार वर्षांनंतर त्यांच्या मनात काय होतं त्याच्या जवळपास आपण पोचतो ते एवढ्यावरच.

त्याच इनामगावात मोठ्या माणसांना डोकं उत्तरेला करून सरळ झोपवलेलं आहे आणि घोट्यापासून पाय तोडलेले आहेत. मेलेला माणूस चालत निघून जाऊ नये, भूत होऊन फिरू नये म्हणून केलं असावं असा अभ्यासकांचा अंदाज आहे. (आपल्याकडं म्हातारी माणसं अजून दक्षिणेकडं पाय करून झोपू देत नाहीत, याचं त्याच्याशी थेट नातं आहे असं मी म्हणत नाही, पण वाचलं तेव्हा माझी आजी आठवली.) आणि मग एकच माणूस असा सापडला की ज्याचे पाय तोडलेले नाहीत. चार पायांचा, पोट सुटल्यासारखा एक मोठा कच्च्या मातीचा रांजण, त्यात त्याला बसवलेलं, आणि तेही पाच खोल्यांच्या मोठ्या घराच्या अंगणात. म्हणजे हा कोणीतरी गावचा प्रमुख असणार. आता बघा, हा रांजण एकटा कुणी उचलून बंगल्यातल्या शोकेसमध्ये ठेवला असता तर आपण म्हणलो असतो धान्याची कणगी दिसतीय. बाकीच्यांचे पाय तोडलेले, याचे नाहीत, आणि घर मोठं, या तीन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा कुठं त्या लोकांच्या मनात मोठा माणूस आणि साधा माणूस असा फरक होता हे दिसलं.

तिथंच एका घराच्या जमिनीखाली मातीची झाकणाची पेटी निघाली, आत बिनडोक्याची बाईची मूर्ती, सोबत मातीचा बैल. मूर्तीला आणि बैलाच्या पाठीला भोक, म्हणजे काडी घालून ती बैलावर बसवता येईल असं. तेरला सापडलेल्या लज्जागौरीच्या मूर्तींनाही डोकं नाही, पण त्या हजार दीड हजार वर्षांनंतरच्या, त्यामुळं लगेच दोन्ही एकच म्हणायची घाई मी करत नाही. मला जास्त विचार पडतो तो पेटीचा. मूर्ती केली, ती पेटीत ठेवली, पेटीला झाकण लावलं आणि जमिनीत पुरली. दाखवायची असती तर देवळीत ठेवली असती. हे सगळं झाकण बंद, जागेवर, तसंच्या तसं सापडलं म्हणून कळलं.

आता कोणी म्हणेल की काका, दगडमातीवरून माणसाचं मन कळतं हे सगळं तुमचं कल्पनेचं राज्य आहे. तर ही शंका मोठमोठ्या लोकांनाही होती. 1954 मध्ये ख्रिस्टोफर हॉक्स नावाच्या ब्रिटिश अभ्यासकानं शिडीसारखी मांडणी केली, की वस्तूवरून ती बनवली कशी हे कळणं सोपं, पोटापाण्याचं काय होतं हे त्याहून जरा अवघड, समाज कसा होता हे आणखी अवघड आणि धर्म, श्रद्धा, मनातलं कळणं सगळ्यात अवघड. अमेरिकेतले लुईस बिनफर्ड तर म्हणायचे की जुन्या माणसांचं मानसशास्त्र करणं हे आमचं काम नाही, आमची ती तयारी नाही. मग 1982 मध्ये केंब्रिजला कॉलिन रेन्फ्रू यांनी प्राध्यापक म्हणून पहिलं व्याख्यान दिलं ते मनाच्या पुरातत्त्वावरच. रेन्फ्रू 2024 मध्ये वारले. त्यांचं म्हणणं साधारण असं की तो माणूस काय विचार करत होता हे सांगू नका, ते तुम्हाला कळणार नाही, तो विचार कसा करत होता हे बघा, त्याचा पुरावा वस्तूंत असतो.

त्यांनी दिलेलं एक उदाहरण तर आपल्या बाजारपेठेतल्या माणसाला लगेच कळेल असं आहे. मोहेंजोदडोला दगडाचे चौकोनी ठोकळे सापडले, लहानमोठे, गुळगुळीत घासलेले. नुसते बघितले तर पोरांचे खेळ वाटतील. पण वजन केल्यावर लक्षात आलं की एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट अशी दुपटीची चढण आहे, आणि सोळाचा ठोकळा साधारण 13.6 ग्रॅमचा. म्हणजे वजन नावाची गोष्ट, जी डोळ्याला दिसत नाही, फक्त हाताला कळते, ती वस्तूपासून वेगळी काढून दगडात ठेवायची हे त्या माणसांना सुचलं होतं. त्यांची लिपी अजून वाचता आलेली नाही पण त्यांचं गणित आपण वाचू शकतो.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या घरातली मापं आठवली. आमच्या आईच्या वेळेला ज्वारी किलोवर कोण मागायचं? दोन नेळव्यांचं एक कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. दुपटीचीच चढण आहे की नाही? ज्या बाईला शाळा माहीत नाही ती चिपटं मापटं बोटावर करायची, कारण निम्मं करणं हे डोळ्याला आणि हाताला सगळ्यात सोपं जातं. सिंधूकडचं माप आपल्याकडं आलं असं मी म्हणत नाही, माणसाचं डोकं आणि हात मिळून कुठंही असंच चालतात असं मला वाटतं. आज ती मापं अडगळीत पडलीत नाहीतर मोडीत गेलीत, आणि बहुतेक घरांत नेळव्यापासून पायलीपर्यंतचा पूर्ण संच एकत्र राहिलेलाच नाही. एकट्या मापट्यावरून कुणाला कसं कळणार की ते कशाचं निम्मं आणि कशाचं दुप्पट.

आणखी मागं जायचं तर आपल्यापासून फार लांब जायला नको. कलबुर्गी आपल्याला शेजारच्या घरासारखं, त्याच्या पुढं यादगीर जिल्ह्यात हुणसगीच्या खोऱ्यात इसामपूर म्हणून जागा आहे. डेक्कन कॉलेजचेच के. पद्दय्या यांनी तिथं काम केलं. साधारण 12 लाख वर्षांपूर्वी तिथं माणसाचे पूर्वज, आपल्यासारखी पूर्ण माणसं नव्हे, चुनखडीच्या फरश्या फोडून हातकुऱ्हाडी बनवत होते. तिथं नुसत्या तयार कुऱ्हाडी सापडल्या नाहीत, निवडलेली फरशी, अर्धवट फोडलेला दगड, उडालेल्या कपच्या, ठोकायचे हातोडे, सगळं जिथं बसून काम केलं तिथंच पडलेलं. म्हणजे कारखानाच की हो. आधी जाडी बघून फरशी उचलली, कुठून ठोकायचं ते ठरवलं, एक बाजू उडवली, दगड उलटा केला, दुसरी बाजू उडवली. दोन्ही बाजू सारख्या यायच्या तर पुढच्या तीन चार ठोक्यांनंतर काय होईल हे आधीच डोळ्यासमोर पाहिजे. अभ्यासक कपच्या परत दगडाला जोडून बघतात, कोडं लावल्यासारखं, आणि कोणता ठोका आधी कोणता नंतर ही सगळी साखळी उलटी मांडतात. डिट्रिच स्टाऊट नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं तर आजच्या माणसांना अशा कुऱ्हाडी बनवायला लावून त्यांच्या मेंदूचे स्कॅन काढले, तेव्हा अशा अवघड कुऱ्हाडी बनवताना मेंदूच्या ज्या भागांत हालचाल दिसली त्यातले काही बोलण्याशी संबंधित भागच आहेत. शब्द एकामागं एक लावून वाक्य करणं आणि ठोका एकामागं एक लावून कुऱ्हाड करणं यांचं नातं असावं असा विचार त्यावरून पुढं आला.

आता कल्पना करा, कोणी हौशी माणूस इसामपूरला आधी पोचला असता आणि चांगल्या चांगल्या कुऱ्हाडी वेचून गाडीत टाकून नेल्या असत्या आणि कपच्या म्हणजे कचरा म्हणून टाकून दिल्या असत्या. बारा लाख वर्षं टिकलेली गोष्ट एका दुपारी संपली असती.

आपल्या महाराष्ट्रातलं आणखी एक सांगतो आणि मग मुद्द्यावर येतो. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे आहे, तिथं 1970 च्या दशकात श. अ. साळी यांना शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा तुकडा मिळाला, त्यावर रेषा मारून त्यांच्यामध्ये फुल्याफुल्यांची जाळी कोरलेली. साधारण 25 हजार वर्षं जुना. होय, शहामृग तेव्हा आपल्याकडं होते. माझ्यासारख्या डिझाइनवाल्यानं ती जाळी फोटोत बघितली आणि अंगावर काटा आला, कारण ग्राफ पेपरवर आम्ही पहिल्यांदा हात बसवायला जे शिकायचो ते हेच, दोन रेषा आणि मध्ये फुल्या. त्या नक्षीनं अंड्याचं कवच काही जास्त पाणी धरत नाही. तरी कुणीतरी बसून, टोक तुटू न देता, सारख्या अंतरानं रेषा मारल्या.

आता माझ्या मनातली खरी गोष्ट. लॅम्ब्रोस मालाफोरिस नावाचे एक अभ्यासक आहेत, त्यांचं म्हणणं असं की मन कवटीच्या आत बंद नसतंच, हात आणि वस्तू यांच्यामध्ये ते पसरलेलं असतं, आणि त्यासाठी ते उदाहरण देतात चाकावर बसलेल्या कुंभाराचं. गाडगं आधी डोक्यात पूर्ण तयार होऊन मग मातीत उतरतं असं नाही, माती ओली की कोरडी, चाकाचा वेग किती, बोटाला काय जाणवतंय, यात ते घडत जातं. हे इंग्रजीत ऐकायला नवीन असेल पण गोरोबाकाकांच्या तेरला हे कुणाला समजावून सांगावं लागेल का? काकांनी सगळ्या संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कोण पक्कं आणि कोण कच्चं ते सांगितलं ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. कुंभाराचं कळणं हातात असतं, कानात असतं, थापटण्यात असतं. आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे उंच काठ्या, निघतात, ती काठी कशी पेलायची हे कुणी वही देऊन शिकवलंय का, बापाच्या मागं चालून चालून पोराच्या कमरेला ते कळतं.

आणि माझ्या धंद्यात तर हे रोज दिसायचं. जेकॉर्डवर एक कार्ड म्हणजे चादरीतला एक आडवा धागा. कार्डाला जिथं भोक तिथं सुई आत जाते, तिचा हुक वर उचलला जातो आणि त्याच्याबरोबर ताण्याचा, म्हणजे उभा, तो धागा उचलला जातो, जिथं भोक नाही तिथं धागा खालीच राहतो. अशी शेकडो कार्डं क्रमानं एकमेकांना दोरीनं ओवायची, त्याची माळ मागावर चढवायची, आणि मग विणणाऱ्याला मोर डोक्यात ठेवावा लागत नाही, मोर माळेत असतो. एक भोक चुकलं तर प्रत्येक मोराच्या मानेत तोच एक डाग. मालकांच्या शिव्या खाल्ल्यात मी त्यासाठी.

आमच्या वडलांनी आधी हातमागासाठी आणि मग यंत्रमागासाठी पाडलेल्या माळा एका कारखान्यात होत्या. कारखाना बंद पडला तेव्हा सामान मोडीत निघालं. मला कळून मी पोचेपर्यंत भंगारवाल्यानं पोत्यात नीट बसावीत म्हणून माळांच्या दोऱ्या कापून टाकल्या होत्या. कार्डं सगळी होती, एकही हरवलं नव्हतं. रद्दीच्या भावात मी ती परत घेतली आणि घरी येऊन जमिनीवर पसरून बसलो. नंबर शाईनं लिहिलेले, ओलीनं पुसलेले. मग एका कार्डावरची भोकांची रांग पुढच्या कार्डावर एका घरानं सरकते का ते बघत, काठाचा घासलेला भाग जुळतो का ते बघत, तीन रात्री बसलो. मोराचा डोळा लागला, डोळ्यावरून मान लागली, साधारण साठ कार्डं ओळीत आली आणि मग थांबलं. बाकीची तीनशेच्या वर कार्डं अजून पोत्यात आहेत. पुठ्ठा तोच आहे, भोकं वडलांच्याच हातची आहेत, पण क्रम गेला त्याबरोबर मोर गेला. पुढं कधीतरी इसामपूरच्या कपच्या जोडण्याबद्दल वाचलं तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की अरे, ही माणसं आपल्याच धंद्यातली आहेत.

म्हणून पांढरीवर जेसीबी चालतो तेव्हा मला तीच कात्री दिसते, माळेच्या दोरीवर चाललेली.

तेरचं उदाहरण घ्या. जुनं तगर, इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाच्या वहीत, पेरिप्लसमध्ये, त्याचं नाव आहे, पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, इथून माल भडोचच्या बंदराला जायचा असं लिहिलंय. तिथल्या पांढरीतून निघालेल्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी जपल्या नसत्या तर आज म्युझियमच नसतं, त्या माणसाचे उपकार मोजता येणार नाहीत. त्यांच्या संग्रहात ती सुप्रसिद्ध हस्तिदंती बाहुली आहे. तिची बहीण शोभेल अशी दुसरी हस्तिदंती मूर्ती 1938 मध्ये इटलीत पॉम्पेईला सापडली. पॉम्पेई इ. स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं म्हणून ती मूर्ती त्या वर्षाच्या आधीची हे ठामपणे सांगता येतं. आपल्या बाहुलीचा काळ तिच्याशी जुळवून बघावा लागतो. आपली बाहुली काय कमी सुंदर नाही, तिच्याभोवतीची राख कुणी बघून ठेवली नाही एवढाच फरक.

आणि अगदी आपल्या दारातलं, सोलापूरजवळच्या बोरामणीच्या माळरानावरची दगडांची गोल रचना, एकात एक 15 फेरे असलेली. बातमी आली तेव्हा माझ्या ओळखीच्या एकानं विचारलं, त्या दगडांची किंमत काय असेल हो? एकेका दगडाला काहीच किंमत नाही, असे दगड माळावर कितीही मिळतील. फेरे कसे वळवलेत, आत जायची वाट कुठून, एवढंच तिथं आहे, आणि ते कुणी चार दगड बांधाला उचलून नेले की गेलं. ज्यांनी ती बघून बोभाटा न करता अभ्यासकांना कळवलं त्यांना माझा दंडवत आहे.

आता संपादक साहेब, तुमच्याकडं मागणं. पहिलं म्हणजे अशी बातमी आली की "गुप्तधन सापडलं", "हंडा सापडला", "लाखोंची मूर्ती" असं मथळ्यात कृपा करून लिहू नका. वाचून दुसऱ्या दिवशी पोरं टिकाव घेऊन जातात हे मी डोळ्यांनी बघितलंय. त्याच्या ऐवजी बातमीखाली चौकटीत चार ओळी छापा. काही दिसलं तर उचलू नका, धुऊ नका, जागेवरच मोबाईलनं फोटो काढा, शेजारी पेन नाहीतर काडेपेटी ठेवा म्हणजे आकार कळतो, एक फोटो जवळून आणि एक लांबून जेणेकरून आजूबाजूचं झाड, बांध, विहीर दिसेल, लोकेशन सेव्ह करा, काम तेवढ्या जागेपुरतं थांबवा आणि तहसील कार्यालयाला किंवा पुरातत्त्व खात्याला कळवा. जमिनीत सापडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची पुरलेली वस्तू कलेक्टरला कळवलीच पाहिजे असा कायदा 1878 पासून आहे, आणि शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंसाठी 1972 चा वेगळा कायदा आहे. पण लोक कायद्याला घाबरूनच वस्तू लपवतात किंवा फोडून टाकतात, जमीन जाईल, चौकशी लागेल, ही भीती खरी आहे. तेव्हा ज्या शेतकऱ्यानं कळवलं त्याचा फोटो छापा, त्याचं कौतुक करा, अधिकाऱ्यांनी पण त्याला चार हेलपाटे मारायला लावू नयेत. जेसीबी आणि ट्रॅक्टरवाल्या पोरांसाठी तालुक्याच्या ठिकाणी एक दुपार कुणी अभ्यासकानं येऊन बोललं तर मी चहापाण्याचा खर्च करतो, खरंच करतो. त्या पोरानं ती दोन मडकी बघितली होती, तोंडाला तोंड लावलेलं त्याच्या लक्षात राहिलं होतं, म्हणजे नजर आहे त्याच्याकडं. दहा मिनिटं थांबायचं एवढंच कुणी सांगायला पाहिजे होतं.

दुसरं मागणं आपल्या शहराचं. पूर्व भागात जुने माग, जेकॉर्ड, कार्डांच्या माळा, ग्राफ, रंगाचे नमुने मोडीत चाललेत. मला म्युझियमच्या मोठ्या इमारतीचं स्वप्न नाही. निदान एक जुना कारखाना, बंद व्हायच्या आधी, जसा आहे तसा मोजून, फोटो काढून, कोणती माळ कोणत्या मागावर होती, विणणारा कुठं बसायचा, त्याचा डबा कुठं टांगलेला असायचा, त्यानं भिंतीवर पेन्सिलनं काय हिशोब लिहून ठेवलाय, हे सगळं नोंदवून ठेवावं. आपल्या विद्यापीठाच्या मुलांना हे करता येईल, आणि ज्यांनी ते माग चालवले ती माणसं अजून आहेत, विचारलं तर सांगतील, इनामगावच्या आईला विचारता येत नाही. नाहीतर नंतर कुणाला एखादा माग मिळेल, चार कार्डं मिळतील आणि तो म्हणेल की हे कशासाठी होतं बुवा.

मेव्हण्यांच्या गावातलं निम्मं टेकाड अजून शिल्लक आहे. मी त्यांच्याशी आणि सरपंचांशी बोललोय, हा हंगाम जाईपर्यंत तिथं हात लावणार नाही असं त्यांनी कबूल केलंय. कुणी जाणकार येऊन बघणार असतील तर तुमच्या ऑफिसमार्फत निरोप द्यावा, मी सोबत येतो. खापरांचं पोतं मी न धुता तसंच ठेवलंय, वर कागद लावून तारीख, शेताची कुठली बाजू आणि त्या पोरानं सांगितलेलं जसंच्या तसं लिहून ठेवलंय.

कळावे, लोभ असावा.

आपला एक जुना वाचक,
कार्ड पंचिंगवाला,
पूर्व भाग, सोलापूर